मामाजींची अर्धी दाढी

आमच्याकडे सून सासऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, बोलायचं ते खाली पाहून, ताट पुढे सरकवलं की बाजूला व्हायचं. मेहकर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करत आले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिसतात कसे असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्यांची उंची सांगितली असती, आवाज सांगितला असता आणि दाढी सांगितली असती. छातीपर्यंत आलेली, पांढरीशुभ्र, रोज तेल लावून विंचरलेली ती दाढी पदराआडूनही दिसायची. एसटीचा कंडक्टरसुद्धा त्यांना दाढीवाले बाबा म्हणूनच हाक मारायचा.

मग त्यांच्या हिरडीला कॅन्सर निघाला. तंबाखूनं घात केला, दुसरं काय! अकोल्याला नेलं, मशीनचे म्हणजे रेडिएशनचे शेक दिले, जीव वाचला. पण शेकानं उजव्या गालावरची दाढी झडून गेली. कानापासून हनुवटीपर्यंत तांबूस, तुकतुकीत कातडी आणि मध्येच कुठे कुठे केसांचे पुंजके. डावी बाजू मात्र होती तशीच भरघोस.

घरी आल्यावर मामाजींनी तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळला तो काही सोडेनात. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायचे. पारावरचं बसणं बंद. अशात माझ्या मुलीचं नांदुऱ्याच्या मुलाशी जमलं, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला, आणि मामाजींनी सांगून टाकलं की मी मांडवात येणार नाही. मुलगीही त्यांचीच नात. आबा मांडवात नसतील तर मी पाटावर बसणार नाही, म्हणाली. झालं! आजोबा येईनात म्हणून नात बसेना, आणि मी आपली मधल्या मध्ये.

माझ्या नवऱ्यानं सोपा उपाय काढला. दाढीमिशी सगळीच साफ करून टाकू, कुणाला पत्ताही लागणार नाही. मामाजी असे भडकले म्हणता! आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं तोंड एकदम साफ दिसलं की लोक पहिलं विचारतात, घरात कोण गेलं? सुतकात उतरवायची असते ती.

"मी मेल्यावर तू तुह्यी काढजो," ते मुलाला म्हणाले. "जिता आहो तवर माह्यीले हात लावू नको."

बापलेकांचं बोलणं बंद झालं. न्हाव्याकडे जायला मामाजी तयार नव्हते, कारण तिथे सकाळी दिसलेलं दुपारपर्यंत गावभर होतं. शेजारीण कांदा घेऊन आली. चाईवर कांदा चोळला की केस येतात म्हणे. अहो, ही काय चाई आहे? भाजलेल्या कातडीवर कांदा! मी तिला कांद्यासकट परत पाठवलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, वस्तरा नाही, साबण नाही, घासायचं तर मुळीच नाही. कोमट पाणी, मऊ कापड आणि त्यांनी दिलेलं मलम, बस. मामाजींचा स्वतःचा हात थरथरायचा. मग उरलं कोण? मी.

सकाळच्या उन्हात मागच्या ओसरीवर मी कात्री आणि फणी घेऊन त्यांच्यासमोर बसले. डावी बाजू जरा आखूड केली तर उजवी कमी खुपेल, एवढाच माझा बेत. पदर कपाळाखाली ओढलेला, नजर त्यांच्या गुडघ्यांवर, आणि हात अंदाजानं वर. आता सांगा, न पाहता कुणी दाढी कातरतं का? सुनाच कातरतात. कात्री कचकन चालली आणि माझ्या मांडीवर चांगला मूठभर झुबका येऊन पडला. धड होता त्या गालालाही मी खिंडार पाडलं होतं.

मामाजींनी गाल चाचपला. बराच वेळ चाचपत राहिले. आता आभाळ कोसळतंय म्हणून मी मान आणखी खाली घातली.

"पदर मांगं घे बाई," ते हळूच म्हणाले. "माह्या तोंडाकडं पाह्य."

मी पाहिलं.

काय सांगू! ज्या दाढीला मी इतकी वर्षं पांढरीशुभ्र म्हणत होते ती नुसती पांढरी नव्हतीच. मुळाशी चांदीचा रंग, पुढे पिवळसर, ओठाखाली तांबूस. हनुवटीखाली केस गोल फिरलेले, वासराच्या कपाळावर असतो तसा अगदी भोवरा. आणि बोलताना उजव्या गालाला, केस गेलेल्या जागी, खळी पडत होती. माझ्या मुलीच्या गालावरची खळी! ही हिला कुठून आली म्हणून आम्ही माझ्या माहेरापर्यंत शोध घेतला होता, आणि ती आमच्याच ओसरीवर दाढीखाली बसलेली. मी मामाजींना तसं सांगितलं, तर म्हणाले, ती माह्या मायची. मिसरूड फुटल्यापासून दाढी ठेवलेली, मायबाप गेले तेव्हा उतरवली तीही माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी, त्यामुळे आता घरात कुणी पाहिलीच नव्हती. जिला मी कधी पाहिलं नाही अशी बाई माझ्या मुलीच्या गालात हसते, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं हेच काम. कापड कोमट पाण्यात भिजवून गालावर नुसतं टेकवायचं. सुकलं की मलम. डावी बाजू मी हळूहळू सारखी केली, दोन बोटं राहील एवढीच ठेवली. मुलीनं फोनवर दाढीचे नमुने दाखवले होते, त्यातला एक मामाजींनी स्वतः निवडला. उजवीकडचे पुंजके काढू का विचारलं तर नको म्हणाले. जे टिकले ते राहू दे. फणी टोकाकडून मुळाकडे न्यायची, म्हणजे गुंता ओढला जात नाही, हेही त्यांनीच शिकवलं. बोलायचे कमी. पण डोळे मिटून बसायचे, आणि त्यांचं एवढं मोठं तोंड माझ्या तळहातावर विसावलेलं असायचं.

एके सकाळी तिरपं ऊन गालावर पडलं आणि माझा हात थांबला. तुकतुकीत कातडीच्या कडेला लव होती. तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी, ऊन नसतं तर दिसलीही नसती. मी दोन लेकरं जन्माला घातली आहेत, पण देवाशपथ सांगते, तशी चकित मी तेव्हाही झाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते की तिथे दाढी कदाचित कधीच येणार नाही. मामाजींच्या बोटाला काही लागेना. मग मी फोननं फोटो काढून मोठा करून दाखवला. ते पाहतच राहिले. मांडवात येता ना, असं मी विचारलं. ते फोन माझ्या हातात ठेवून आत गेले.

साक्षगंधाच्या दिवशी मी दाढी विंचरून दिली तरी त्यांनी दुपट्टा पुन्हा गुंडाळला आणि आत जाऊन बसले. नांदुऱ्याची मंडळी आली. मुलगी नटूनथटून दारात उभी, पाटाकडे जाईना. इतक्यात आतलं दार वाजलं. मामाजी बाहेर आले. दुपट्टा खांद्यावर होता. भरल्या मांडवात ते सावकाश चालत गेले आणि नवऱ्या मुलाच्या आजोबांशेजारी बसले. आजोबांनी सरळच विचारलं की दाढीला काय झालं. माझा नवरा घाईनं इन्फेक्शन वगैरे सांगू लागला, तर मामाजींनी त्याला हातानं गप्प केलं.

"गेली थे शेकानं गेली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "राह्यली थे माह्या सुनेनं राखली."

सासऱ्यानं व्याह्यांच्या बैठकीत असं बोलणं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, समोरचं काही दिसेना. कुणीतरी तो ट्रे माझ्याकडून काढून घेतला. डोळे पुसून पाहिलं तेव्हा माझी मुलगी पाटावर बसली होती.