दोरी बदलून पाहिली

जुन्या जालन्यात माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. क्लचची केबल, ब्रेक लाइनर, चेन, असलं सगळं. गाडी ओढत नाही म्हणून गिऱ्हाईक रडत येतं, मी पार्ट काढून देतो, गाडी ओढायला लागते. वर्षानुवर्षं हेच करून माझा स्वभावही तसाच झाला. काहीही बिघडलं की मी आधी विचारतो, कोणता पार्ट गेला? थोरल्या भावाचा बाण खाली पडायला लागला तेव्हाही मी हेच विचारलं.

दादा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीतून निघालेली लालभडक सळई लांब चिमट्यानं पकडायची आणि रोलरच्या तोंडात द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या हाताच्या जोरावर घर चालायचं. आम्ही मूळचे तीर्थपुरीकडचे. ज्वारी राखायला बाकीची पोरं गोफण फिरवायची, हा मात्र बांबूचं धनुष्य करून बसायचा. पाखरू काही मरायचं नाही, पण उडून जायचं. तो नाद वयाची चाळिशी आली तरी सुटला नव्हता. शेवटी औरंगाबादच्या एका प्रशिक्षकांकडून त्यानं जुनं कंपाउंड धनुष्य घेतलं. दोन्ही टोकांना चाकं, मधून दोरी आणि केबली. पहिल्यांदा पाहिल्यावर मी म्हणालो, ‘‘ही तर सायकल आणली तू, पायडल कुठंय?’’ आठवडाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही.

त्याची एकच इच्छा होती. राज्य स्पर्धेला एकदा तरी जायचं. निवड चाचणी दिवाळीनंतर होती आणि दरवर्षी थोडक्यात हुकणारा दादा त्या वर्षी उन्हाळ्यात असा काही मारत होता की त्याची निवड होणार, याबद्दल मलाही शंका उरली नव्हती. मिलच्या मागच्या पडीक रानात त्यानं बियाण्याची रिकामी पोती चिंध्यांनी ठासून भरून निशाण उभं केलं होतं. मी दुकान बंद करून तिकडं जायचो आणि दुर्बिणीतून बाण कुठं लागला ते सांगायचो.

पावसाळा सरता सरता बाण खाली लागायला लागले. आधी बोटभर, मग चार बोटं. तसं झालं की धनुष्यावरची नेम धरायची साइट खाली सरकवायची असते, म्हणजे नेम आपोआप वर धरला जातो. दादा रोज साइट खाली सरकवायला लागला. बाण मंदावला होता. सुटतानाचा आवाजसुद्धा बदलला होता. पूर्वी फटका बसल्यासारखा यायचा, आता नुसता धप्प.

खंडेनवमीला वहिनीनं विळा, चाकू आणि माझे दुकानातले पाने यांच्या शेजारी धनुष्यही पूजेला मांडलं. हळदकुंकू वाहिलं, आणि दादाची निवड व्हावी म्हणून देवीचा लाल धागा नेमका दोरीलाच सात पदरी गुंडाळला. गाठीवर गाठ. दसऱ्यानंतर रानात गेलो तर बाण आणखी खाली. मी लगेच वहिनीवर घसरलो.

‘‘वैनी, दोरीवर वजन चढलं की बाण मंद होतो. धागा बांधायला दुसरी जागा न्हाई भेटली का?’’

‘‘देवीच्या धाग्याचं कसलं वजन आल्तं भावजी?’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या दुकानात वजनावर इकता का धागे?’’

खरं तर माझं म्हणणं चूक नव्हतं. सुटताना दोरीला बाणाबरोबर स्वतःलाही पुढं न्यावं लागतं, तिच्यावर जेवढा भार तेवढा बाणाचा वेग कमी. दादा आमचं भांडण ऐकत नुसता हसत होता. ‘‘धाग्यामुळंच आसंल बरं,’’ म्हणाला. मी धागा सोडून धनुष्याच्या मुठीला बांधला. बाण बोटभर वर आला आणि तिथंच राहिला.

मग मी दोरीकडं वळलो. ती जुनी झालीच होती. धागे पिंजले होते, मेण कधीच उडून गेलं होतं. जुनी दोरी ताणून लांबते, चाकं आपल्या जागेवरून फिरतात आणि धनुष्याचा जोर थोडा थोडा कमी होतो. गाडीची चेन सैल पडावी तसंच. मला एकदम हायसं वाटलं. पार्ट सापडला होता! ज्यांनी धनुष्य विकलं होतं त्या औरंगाबादच्या प्रशिक्षकांना फोन करून नवी दोरी आणि केबली मागवल्या. दोरी बदलायची तर धनुष्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरखालचे वाकणारे दोन भाग, दाबून धरावी लागतात आणि त्याचं यंत्र जालन्यात कुणाकडंच नव्हतं. मी पोलादी पट्ट्या आणि गाडीचा जॅक जोडून शिकंजा केला. दुकानाच्या मागं बसून दोरी चढवली, मेण चोळलं, चाकांच्या खुणा जुळवल्या. दादा शेजारी उभा होता. एरवी धनुष्याला मला हात लावू न देणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, ‘‘तूच कर, तुझा हात बराबर बसतो.’’ मला अभिमान वाटला.

नवी दोरी बारीक होती, हलकी होती. बाण वर यायलाच हवा होता. आला, पण दोन बोटं. उन्हाळ्यात जिथं लागायचा तिथून अजून वीतभर खाली. चाचणी तोंडावर आली होती. मी चिडलो, दोरीच खराब पाठवली म्हणून प्रशिक्षकांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘दोरीनं एवढा फरक पडत नसतो हो,’’ ते म्हणाले. ‘‘नव्या दोरीनं बाण थोडा जलद होतो, एवढंच. तुम्ही सांगताय तेवढा वेग दोरी खात नाही. पात्यांचे बोल्ट बघा, कुणीतरी ढिले केलेत.’’

दादा पाळीला गेला असताना मी एलन की घेऊन बसलो. वरचा बोल्ट फिरवला. फिरतच गेला. खालचाही तसाच, अगदी तेवढाच. आपोआप ढिला झालेला बोल्ट असा नसतो, एक जास्त ढिला, एक कमी असा असतो. इथं कुणीतरी दोन्ही बोल्ट मोजून, सारखे, पुन्हा पुन्हा ढिले केले होते. बोल्ट ढिला केला की पाती सैल होतात, धनुष्य ओढायला हलकं जातं आणि बाण मंदावतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते मनात पुढं सरकू दिलं नाही. उन्हाळ्यात होते तसे दोन्ही बोल्ट कसले आणि सापडला दोष म्हणून खुशीत संध्याकाळी रानात गेलो.

दादानं बाण लावला, ओढायला घेतलं. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याचा दंड थरथरायला लागला. त्यानं दोरी सावकाश परत सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा अर्ध्यावर. तिसऱ्यांदा प्रयत्न न करता धनुष्य खाली ठेवून तो बांधावर बसला.

‘‘बोल्ट कसले का?’’

‘‘हो. ढिले झाल्ते.’’

‘‘झाल्ते न्हाई. म्या केल्ते.’’

त्यानं उजवा हात माझ्यापुढं धरला. अंगठा आणि बोटाच्या मधलं मांस आत बसलं होतं, खड्डा पडल्यासारखं. त्या हातानं मला लहानपणी विहिरीतून वर ओढलं होतं. इतके दिवस दुर्बिणीतून मी बाण बघत होतो, हा हात माझ्या अगदी शेजारी होता.

‘‘पोळ्यापासून असं होऊन राह्यलंय,’’ तो म्हणाला. ‘‘वाटलं, व्हईल बरं. जोर कमी पडला की थोडा बोल्ट ढिला करायचो. तू दोरी दोरी करून राह्यलास, मंग मलाबी वाटलं, कोन जाने, दोरीच आसंल.’’

‘‘मिलमधी?’’

‘‘चिमटा दोन्ही हातांनी धरून राह्यलो. कुनाला म्हाईत न्हाई. वैनीला सांगू नको तुझ्या.’’

पुढं डॉक्टरांनी त्या आजाराला मोठं लांबलचक नाव दिलं आणि त्यावर औषध नाही, हेही सांगितलं. दोन वर्षांत एकेक करून सगळं गेलं, आधी मिल, मग घास, शेवटी आवाज. पण त्या संध्याकाळी बांधावर बसल्या बसल्याच मला कळून चुकलं होतं. राज्य स्पर्धा राहू दे, हा माणूसच माझ्या हातून चालला होता आणि माझ्या दुकानात त्याच्यासाठी काही नव्हतं. मला रडू आलं. तो मात्र धनुष्याकडं बघत होता.

‘‘नवी दोरी बसायला शंभरेक बान मारावे लागतात,’’ तो म्हणाला. ‘‘अशीच ठिवली तर खराब व्हईल. तू मार.’’

‘‘मला कुठं येतंय?’’

‘‘म्या सांगतो. ऊठ जल्दी, उजेड हाय तवर.’’

त्यानं माझे पाय लावले, खांदा खाली दाबला, कोपर वर केलं. मी ओढलं. दोरी गालापर्यंत सहज आली. इतकी सहज, की माझाच मला राग आला. बाण सुटला आणि तो जुना फटक्यासारखा आवाज झाला.

‘‘वर गेला!’’ दादा दुर्बिणीतून बघत ओरडला. ‘‘पार पोत्याच्या कडंला. लई जोरात गेला रे!’’ त्यानं साइट वर सरकवून दिली. पुढचे बाण आत लागायला लागले. मला थांबायचं होतं, त्यानं थांबू दिलं नाही. सहा बाण झाले की तो स्वतः निशाणापर्यंत चालत जायचा, बाण उपटून आणायचा आणि माझ्या हातात द्यायचा. एका खेपेला तो तिथंच उभा राहिला. माझा वेगात गेलेला बाण चिंध्यांत खोल रुतला होता. त्यानं एका हातानं ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला, पोत्याला पाय लावून ओढला.

‘‘ये रे,’’ तिथूनच त्यानं हाक मारली. ‘‘ह्यो तूच काढ.’’