परीक्षेला मी उस्तादांना नेलं

रेल्वे इंजिनाच्या ड्रायव्हरच्या परीक्षेत मी एकदा नापास झालो होतो, आणि ते काही येत नव्हतं म्हणून नव्हे. सगळं येत होतं. बॉयलरमधलं पाणी उतरलं तर आधी काय करायचं, चढावर चाकं घसरायला लागली तर वाळू कधी सोडायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण समोर साहेब बसला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं की माझा घसा बंद. शब्द जिभेपर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत. साहेबाने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी म्हणाला, "घरी जा, बरं वाटलं की ये." मला काही झालेलंच नव्हतं, तर बरं काय वाटणार, डोंबल!

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. नगरला लष्कराच्या गाड्यांची रीघ लागलेली. ड्रायव्हर पुरत नव्हते, त्यामुळे फायरमन लोकांना वर चढवायची घाई चालली होती. माझ्या मागून लागलेले दोघे पास होऊन गेले आणि मी आपला भट्टीत कोळसा मारतोय. बायको दर रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना मागायची, तीही उभी राहून, मोठ्याने. म्हणजे माझं नापास होणं देवाच्या आधी सगळ्या मंडळीला कळलेलं. मी तिच्यावर खेकसायचो. खरं तर मला स्वतःवर खेकसायचं असायचं, ती जवळ सापडायची इतकंच.

ज्यांच्या इंजिनावर मी सहा वर्षं फायरमन होतो, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. आमच्याकडे ज्याच्या हाताखाली काम शिकायचं तो उस्ताद, मग त्याची जात, त्याचा धर्म कुठलाही असो. हे देवळाली प्रवऱ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. इंजिनं पुसण्यापासून सुरुवात करून ड्रायव्हर झालेले. बोलणं मोजकं आणि तिखट. मी नापास होऊन आलो त्या दिवशी ते म्हणाले, "भ्या वाटलं की मानसानं गप बसू न्हाई. जे दिसतंय ते मोठ्यानं बोलायचं. डोळ्याला काम, तोंडाला काम. मग भ्या बसल कुठं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला तसं बोलायला लावलं. खरा नियम असा की सिग्नल आधी ड्रायव्हरने बघायचा आणि ओरडून सांगायचा. मग फायरमनने स्वतः बघून तेच पुन्हा ओरडायचं. दोघांचं जुळलं की गाडी पुढे. आमच्या इंजिनावर उलटं सुरू झालं. मी आधी ओरडायचो, "सिग्नल पडलाय!" आणि उस्ताद मागून म्हणायचे, "सिग्नल पडलाय!" सिग्नलचा हात पडलेला म्हणजे वाट मोकळी, आडवा म्हणजे थांबायचं. नुसते सिग्नलच नाहीत, मी सगळंच ओरडायचो. फाटक बंद आहे, रुळावर शेळ्या आहेत, रूळ दुरुस्त करणारा गँगवाला लाल झेंडा धरून उभा आहे. स्टेशनावरचे लोक म्हणायचे, हे इंजिन शिट्टीबरोबर बडबडही करतं. पण औषध लागू पडलं. दोन वर्षांत माझा घसा मोकळा झाला. मला वाटायचं, या माणसाने माझ्यासाठी नियमसुद्धा फिरवला. आईबापांनी केलं नसतं ते यांनी केलं.

पुन्हा परीक्षेचा दिवस ठरला. तोंडी परीक्षा इंजिनांच्या शेडमध्ये आणि मग साहेबाला इंजिनावर घेऊन नगरपासून बेलापूरपर्यंत मालगाडी न्यायची. त्या दिवशी मी ड्रायव्हरच्या जागेवर उभं राहायचं आणि फायरमनच्या जागेवर आणखी कुणीतरी. रिवाज असा की शिकणाऱ्याने आपल्या उस्तादालाच त्या जागी विनंती करून न्यायचं. त्यात मान होता. एक दिवस गुरूने चेल्याची भट्टी पेटती ठेवायची.

मी विचारलं तर उस्ताद म्हणाले, "दुसऱ्या कुनाला तरी ने."

मला वाटलं, मोठेपणा करतायत. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. "वय झालं माझं, कोळसा मारनं होत न्हाई आता. दुसऱ्याला ने म्हनलं ना," ते चिडून म्हणाले. मग मी हातच जोडले. म्हणालो, "उस्ताद, तुमचा आवाज मागून आला न्हाई तर माझा घसा पुन्यांदा बंद पडंल. मी संपलो मग." ते बराच वेळ हात पुसत राहिले. हात आधीच स्वच्छ होते. शेवटी म्हणाले, "बरं. येतो."

परीक्षेच्या सकाळी बायकोने फडक्यात बांधून दिलेली भाकरी मी तशीच शेडमधल्या कुत्र्याला घातली. तोंडी परीक्षेत मात्र एकही प्रश्न चुकला नाही. साहेबाचं पेन दिसलं की मी मनातल्या मनात ओरडायचो, पेन आहे, टेबल आहे, साहेबाच्या मिशा आहेत, आणि मग उत्तर द्यायचो.

गाडी सुटली. मी ड्रायव्हरच्या जागेवर असल्यामुळे आधी ओरडणं आता माझंच काम होतं. म्हणजे रोजचंच. मी ओरडायचो, उस्ताद माझ्यामागून ओरडायचे, साहेब वहीत खुणा करायचा. वांबोरी गेली. उस्ताद घामाने निथळत कोळसा मारत होते, पण वाफेचा काटा त्यांनी एकदाही खाली येऊ दिला नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी एकदा चक्क हसलो.

राहुरीच्या अलीकडे साहेब म्हणाला, "आता तू गप्प राहा. सिग्नल आधी तुझा फायरमन सांगेल. त्याने चुकीचा सांगितला तर तू पकडतोस का, ते मला बघायचंय."

उस्तादांनी फावडं टेकवलं आणि बाहेर मान काढली. ऊन स्वच्छ होतं. स्टेशनाबाहेरचा सिग्नल मला लांबून दिसत होता. हात आडवा. उस्ताद बोलेनात. गाडी पुढे चाललेली. मला वाटलं, साहेबाच्या सांगण्यावरून मुद्दाम उशीर करतायत. मग ते खणखणीत आवाजात ओरडले, "सिग्नल पडलाय!"

विचार करायला सवड मिळाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण तोंडाला दोन वर्षांची सवय. हाताने वाफ बंद केली, ब्रेक टाकला आणि तोंड आपसूक ओरडलं, "सिग्नल आडवा!"

आणि उस्तादही, त्याच दमात, माझ्यामागून ओरडले, "सिग्नल आडवा!"

मान फिरवून पुन्हा बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी. त्यांचा चेहरा भट्टीकडे होता. मी ओरडायचं आणि त्यांनी म्हणायचं, इतकंच त्यांच्या अंगात मुरलेलं.

गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली. साहेब वही मिटून हलक्या आवाजात म्हणाला, "उस्ताद, बाहेर बघा. हात कसा आहे?" उस्तादांनी मान बाहेर काढली आणि डोळे बारीक करून बघत राहिले. ते तारेच्या खांबाकडे बघत होते.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. घड्याळ माझ्या हातात देऊन किती वाजले विचारणं. डोळ्यांच्या तपासणीला जायच्या आधी त्या तक्त्यावरची अक्षरं कुणाकडून तरी पाठ करून घेणं. वळणं, पूल, उतार ते चाकांच्या आवाजावरून ओळखायचे, त्याचं आम्ही कौतुक करायचो. आणि माझ्या भीतीवरचं ते औषध! ते कुणासाठी होतं? मला राग आला, भयंकर राग आला. या माणसाने माझ्या डोळ्यांवर दोन वर्षं भरल्या गाड्या नेल्या आणि मला सांगितलंसुद्धा नाही. त्याच क्षणी हेही कळलं की ते नको म्हणत होते, आणि हात जोडून त्यांना इथे आणलं होतं मी. रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. पण सिग्नल पडला आणि गाडी न्यायची होती.

बेलापूरपर्यंत उस्ताद कोळसा मारत राहिले. साहेबाने माझा हात हातात घेऊन सांगितलं की मी पास आहे. महिन्याभरात उस्तादांना इंजिनावरून उतरवलं. ते बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणून मला कमी लागलं असं मात्र नाही. त्यांच्या घराकडे मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरलो.

मला दौंडच्या शेडला टाकलं. नगरला गाडी पोचली की ड्रायव्हर लोकांच्या विसाव्याच्या खोलीत आम्ही टेकायचो. सहा-सात महिन्यांनी तिथे चहा करायला उस्तादांना नेमलं. चाचपडत ते कप पुढे करायचे आणि सगळ्यांना एकच म्हणायचे, "चा घ्या, ड्रायव्हरसाहेब." मी कप घ्यायचो आणि गप्प राहायचो. आवाज काढला की ओळखतील. कितीतरी खेपा मी असा मुक्याने चहा प्यालो. लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही.

एका दुपारी बरोबरच्या ड्रायव्हरने माझ्या कपात डोकावून विचारलं, "आमाला दुधाचा आन तुमालाच कोरा का हो?" मला लहानपणापासून दूध पचत नाही. त्या खोलीत मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

बाकीचे उठून गेल्यावर मी म्हणालो, "उस्ताद, मी हाय."

"ठावं हाय."

"रागावलाय का माझ्यावर?"

त्यांनी चाचपून चुलीतलं लाकूड आत सारलं.

"लई," ते म्हणाले. "पी आता, चा निवतोय."

मी प्यालो. बाहेर माझ्या फायरमनने इंजिनाची शिट्टी दिली तशी कप त्यांच्या हातात दिला आणि निघालो.