काकाच्या डीव्हीडीतला हळदीचा धवला

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं मला दुरुस्त करता येतं, असं नातेवाइकांचं ठाम मत आहे. मी कॉमर्सला आहे, हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

धसईच्या आत्याच्या मुलीची हळद परवावर आली होती आणि आत्याला हळदीचा धवला आठवत नव्हता. आत्या त्यांच्या पाड्यावरची धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी. पण मधल्या वर्षांत डीजेने तिचं काम खाल्लं, आणि सासूकडून शिकलेला हा धवला दुसऱ्या कडव्यापुढे पुसून गेला. सासू गेलेली, दुसऱ्या कुणाला तो येत नाही. लोकांच्या पोरींना गाऊन हळद लावली आणि स्वतःच्या पोरीला काय लावू, म्हणून ती फोनवर चक्क रडली.

मग तिलाच आठवलं, की काकाच्या लग्नाच्या डीव्हीडीत तिने तो अख्खा म्हटलाय. डीव्हीडी सापडली तिच्याच परसात. पाखरं बुजावीत म्हणून काकडीच्या मांडवावर दोऱ्याने टांगलेली. काकाचं लग्न आमच्यापेक्षा पाखरांनीच जास्त पाहिलं असावं.

मैत्रिणीचा जुना लॅपटॉप घेऊन मी शहापूरहून निघाले, मुरबाडला बस बदलली आणि दुपारी धसईला पोचले. डिस्क साबणाने धुतली, पण ओरखड्यांमुळे ती सरळ चालेना, म्हणून आतली फिल्म लॅपटॉपमध्ये उतरवायला घेतली. पहिलं सॉफ्टवेअर सगळी फिल्म लहान करून साठवू लागलं, ते इतकं सावकाश, की आत्या म्हणाली, "गो, यापरीस भात लवकर पिकतं." प्रत्येक ओरखड्याशी ते अडून बसायचं. तेवढ्यात लाइट जायची, बॅटरीत जीव नाही, की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मोबाइलवर शोधलं. कळलं ते असं, की फिल्म लहान करायचीच नाही, आहे तशी उचलायची. आणि दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग उचलतं आणि मग ओरखड्यांकडे परत येतं. मी पेपर असेच सोडवते, त्यामुळे लगेच पटलं. चहा उकळून गाळेपर्यंत बहुतेक सगळं लग्न लॅपटॉपमध्ये आलं. ओरखड्यांखालचं थोडं थोडं मागाहून आलं. मला फार हुशार वाटलं.

फिल्ममधला हळदीचा भाग लावला. पडद्यावर तरुण आत्याने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून एक पुरुष इंग्रजी ठेक्यावर प्रेमात पडला.

कॅमेरावाल्याने सगळ्या हळदीवर सिनेमाचं गाणं चिकटवलं होतं.

"मुडदा बशिवला त्याचा! माझ्या तोंडात कुनाचं गानं घातलं?" आत्या ओरडली. तिची मुलगी हसून खाली बसली. मला हसू की रडू कळेना. मी हळूच म्हटलं, "आत्या, तोंड तर तुझंच हाय ना?"

आवाज बंद केला, व्हिडिओ अगदी सावकाश लावला. आत्या पडद्याला नाक लावून स्वतःचे ओठ बघू लागली. तिचेही ओठ हलू लागले. "परत लाव. परत." तिसरं कडवं असं शब्दाशब्दाने वर आलं. चौथं सुरू झालं आणि पडद्यावर बदामाच्या आकारात काका उगवला. बदाम सरला तेव्हा धवला संपला होता.

आत्याने कॅमेरावाल्याला आणखी दोन शिव्या दिल्या. मग म्हणाली, "जाऊ दे. चौथं मीच जोडते."

हळदीला तिने डीजे बंद करायला लावला. तीन कडवी सासूची म्हटली. चौथं तिचं, त्यात लेकीचं नाव, ओढ्यापलीकडचं सासर आणि थोडी व्याह्याची चेष्टा होती. मागच्या बायांनी ते जुनंच असल्यासारखं उचललं. मी मोबाइल धरून उभी होते, कारण सुरू करण्याआधी तिने मला जवळ बोलावून बजावलं होतं:

"नीट घे गो. आन वरून कुनाचं गानं घालू नको."