आभारापुरते बाबा

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी पावसाळ्यात ते रेडिओवर बोलतात.

आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत पुराचं पाणी शिरलं, त्या वर्षी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका छोट्या रेडिओ केंद्राची माणसं आली होती. सकाळच्या मराठी कार्यक्रमासाठी त्यांना पूरग्रस्त हवे होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जसे काही रेडिओवर दिसणारच होते. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, तेव्हापासून आमच्या घरची एक रीत आहे: साहेबापुढे गाऱ्हाणं न्यायचं तर आधी आभार, मग 'पण'. बाबांनी तेच केलं. होडी आली, दुधाच्या पिशव्या आल्या, प्रशासनाचे मनापासून आभार. आणि मग 'पण'. खालच्या मजल्यावरचे काका आजारी होते, सकाळपासून मदतीसाठी फोन लावले, कोणी उचलला नाही, होडी आली तोवर काका गेले होते. हे सांगताना बाबा रडले. मी शेजारीच उभी होते.

रेडिओवर लागले ते फक्त आभार.

काकूंनी ते ऐकलं आणि बाबांशी बोलणंच टाकलं. बाबा जिन्यात थांबून समजावायला जायचे, त्या दार लावून घ्यायच्या. तसेच गेले बिचारे, तो डाग घेऊन. आणि त्या मेल्यांना तो तुकडा इतका गोड लागला की दर पावसाळ्यात वाजवतात. मी पोळ्या लाटत असते, मध्येच बाबा खाकरतात आणि माझी तव्यावरची पोळी करपते.

यंदा मात्र डोकं फिरलं. स्कूटर काढली आणि थेट केंद्रावर गेले, पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ते केव्हाच पुसलं. लोकांच्या पैशावर चालता आणि लोकांचंच बोलणं कापता, लाज नाही वाटत, असं मी तोंडावर विचारलं. त्या चिडल्या नाहीत. दार लोटून घेऊन म्हणाल्या, "बेन, अनुदान दरवर्षी नव्याने मंजूर होतं. तक्रार ऐकवली तर पुढच्या वर्षी केंद्रच नसेल." मग तो तुकडा काढून टाकायचं मात्र त्यांनी कबूल केलं.

घरी येऊन मोठ्या फुशारकीने आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. कॅमेरा दिसला की बाबा उठून जायचे, त्यामुळे त्यांचा साधा एक व्हिडिओ आमच्याकडे नाही. हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"अर्धंच बोलतात," आई म्हणाली, "पण बोलतात ना गं."

मी काय करणार होते? काकूंना काय तोंड दाखवू, आणि हिला काय सांगू? चडफडत केंद्रावर फोन केला आणि म्हटलं, राहू द्या.

आज सकाळी बाबांनी पुन्हा प्रशासनाचे आभार मानले. खाली काकूंनी धाडकन खिडकी लावली. आईने आवाज वाढवला.