चुकणाऱ्या बाई

आमच्या बाई विद्यापीठात नृत्याचा इतिहास शिकवायच्या आणि गावात हटकून चुकीचं नाचायच्या. लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेल्या, ताल अंगात मुरलेला. पण वसईकडच्या एखाद्या गावात हळदीचा फेर सुरू झाला की पदर खोचून आत शिरायच्या आणि सगळ्या बायका वाकल्या की या ताठ उभ्या, टाळीही भलत्याच वेळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं बाय, टाली आता न्हाय, उठताना! कोनी शिकवलं तुला?" शेजारची आजी ओरडली.

"कोणीच नाही. तुम्ही शिकवा," बाई म्हणाल्या.

मग आजी दाखवू लागली, आजीच्या चुका तिची जाऊ काढू लागली आणि मांडवात भांडण जुंपलं. बाई खूश. परतताना रिक्षात म्हणाल्या, "विचारलं की बायका लाजतात. 'आमचं कसलं नाचणं' म्हणतात. चुकलं की मात्र धावून येतात."

देवळांतल्या नर्तकींच्या शिल्पांवर त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं होतं. त्याच वाटेने गेल्या असत्या तर विभागप्रमुख लवकर झाल्या असत्या. त्या हळदीच्या मांडवांत शिरल्या आणि बढती रखडली. सहकारी टोमणे मारत. बाईंचं उत्तर ठरलेलं, "दगडातल्या बायकांचे पाय बघून झाले. आता चिखलातले बघते."

मी नालासोपाऱ्याची, ज्युनिअर कॉलेजातली मास्तरीण. दोन मुलं, आजारी सासूबाई, आणि त्यात बाईंच्या हाताखाली या फेरांवरची पीएचडी. मी जड शब्द वापरले की बाई पान परत करायच्या. "तीन पानं झाली, अजून एकही बाई वाकलेली नाही. 'सामूहिकता' राहू दे. कोण कुणाच्या डाव्या हाताला होतं, ते लिही." एकदा मी सगळं सोडते म्हणाले. त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. "स्वयंपाक सोडलास का? नाही ना? मग हेही रोज थोडं उरक." मी उरकत राहिले.

शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटला. "हे घरगुती फिरणं आहे. गुरू नाही, नियम नाही. याला नृत्यपरंपरा कशी म्हणायची?" प्रबंध परत आला असता तर मी तो पुन्हा लिहिला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाई उठल्या. टेबल आणि खिडकीच्या मधल्या जागेत त्यांनी पदर खोचला आणि हळदीचा फेर धरला. वाकल्या आणि वाकतानाच टाळी दिली.

"अहो बाई, टाळी उठताना!" मी ओरडले. भर परीक्षेत, स्वतःच्या मार्गदर्शिकेवर.

परीक्षक माझ्याकडे वळले. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"गावातल्या एका आजींनी. बाई चुकल्या तेव्हा." मग मला कंठ फुटला. चूक काढणं हेच इथलं शिकवणं कसं, ते मी सांगत सुटले. त्यांनी प्रबंध पुन्हा उघडला. संध्याकाळी मी डॉक्टर होऊन घरी आले आणि कुकर लावला.

बाई निवृत्त होऊन वसईतच राहिल्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं तुटक झालं, पण मी गेले की खुर्चीतल्या खुर्चीत फेर सुरू. शेवटच्या भेटीत त्यांनी कमरेतून जेमतेम वाकून तिथेच टाळी दिली. मुद्दाम चुकल्या की खरंच, ते मी विचारलं नाही. त्यांचे दोन्ही हात धरले, त्यांना सरळ बसवलं आणि टाळी जागेवर दिली.

"आलं," त्या म्हणाल्या.

बाई आता नाहीत. मागच्या महिन्यात विद्यार्थिनींना घेऊन नालासोपाऱ्याजवळच्या कळंबला एका हळदीला गेले होते. पोरी वह्या सरसावून कडेला उभ्या. मी पर्स एकीच्या हातात दिली, पदर खोचला आणि फेरात शिरून चुकले.