कोटेशनआधीची विहीर

पाऊल टाकायच्या आधी मावशी काठी दोनदा आपटायच्या आणि थांबायच्या. रानात नव्हे हो, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा! ठक ठक. मग लिफ्टने आतून "या" म्हटलं असावं तसा पाय ठेवायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "खाली कोन हाय, इचारून जावं."

सोनिवलीत आमच्या इमारती उभ्या आहेत ती मावशींच्या घरची भातशेती. जमीन गेली, नवरा गेला, आणि मावशी आमच्याच गेटवर टोपली घेऊन भाजी विकायला बसल्या. मी सोसायटीचा सेक्रेटरी. मला त्या 'शेकेटरी' म्हणत. जुडीमागे घासाघीस केली की 'कंजूस शेकेटरी'.

इमारतींच्या मागे एकरभर मोकळी जागा. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत तिथे कारंजं होतं, हंसही होते. प्रत्यक्षात रानमोडी, घाणेरी आणि गाजरगवत. किती उंच म्हणाल? गणपतीत आत शिरलेली म्हैस दिवाळीला रेडकू घेऊन बाहेर आली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. पण तळमजल्यावरच्या एका मोरीत घोणस निघाली तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. तीन कोटेशनं मागवून रान साफ करायचं ठरलं.

मी मागणीपत्र तयार करायला बसलो. क्षेत्रफळ पुस्तिकेतून उचललं, गवताची उंची खिडकीतून मोजली, सात कलमं पाडली आणि तिन्ही कंत्राटदारांना रविवारी दहाला जागा बघायला बोलावलं. आत एक पाय न टाकता कागदावर अख्खं रान साफ!

रविवारी नऊला हा पराक्रम मी मावशींना ऐकवला. मेथीची जुडी बांधता बांधता त्यांचे हात थांबले.

"आत कोनी गेला तं नाय ना?"

"अजून नाही. का?"

"त्यात बाव हाय, शेकेटरी."

बाव म्हणजे विहीर. तीन पुरुष खोल, कठडा नाही, आणि वर वेलींची चटई. मी पुढे काही विचारतोय तोवर फोन वाजला. उल्हासनगरचे शेठ, तीन कंत्राटदारांपैकी एक. तासभर आधी हजर!

"सेक्रेटरी साहब, मैं तो पीछे के रास्ते से अंदर आ गया. क्या जंगल है, साईं!"

मावशींनी फोन माझ्या हातातून हिसकला, उलटाच तोंडाला लावला आणि ओरडल्या, "पाय उचलू नको! हाय तसा उबा रहा!" ती आरोळी पार पलीकडच्या कात्रप गावाला ऐकू गेली असणार. फोनची गरजच नव्हती.

आम्ही आत शिरलो. गवत डोक्याच्या वर. शेठ कुठे आहेत, दिसत नाही. मावशी चार पावलांवर थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जांबलीच्या झाडापासून वीस पावलं होती बाव. जांबल तं बिल्डरनी तोडली. आता कशावरून मोजू?" मग म्हणाल्या, "त्याला बोलत ठेव. आवाजावर जाऊ."

मी ओरडलो, "शेठ, हिलना मत! बोलते रहो!"

"क्या बोलूँ?"

"कुछ भी! रेट बोलो!"

आणि शेठ बोलायला लागले. "घास कटाई अलग... झाड़ी अलग... जड़ निकालना..." आवाज कापत होता आणि दर उतरत होते. इतके स्वस्त दर त्यांनी सख्ख्या जावयाला सांगितले नसतील.

मावशी पुढे, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत मी मागे. ठक ठक, थांब. ठक ठक, थांब. माझ्या छातीची धडधड थेट अंबरनाथच्या शिवमंदिरात घंटेसारखी वाजत असावी.

मग काठीचा आवाजच आला नाही. ती मुठीपर्यंत आत गेली.

मावशींनी हळूच गवत बाजूला केलं. विहिरीच्या पलीकडच्या काठावर शेठचे पांढरे बूट. एक बूट वेलींवर.

"मागं सर. येकच पाऊल. आलास तसाच."

"उल्टा, शेठ, उल्टा!" मी ओरडलो.

शेठ मागे सरले आणि मटकन बसले. बुटाखालच्या वेली घसरल्या, एक ढेकूळ सुटलं, आणि बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

मला वाटलं, मावशी आता हसतील. त्या चिखलातच बसल्या.

"आमीच झाकली होती," त्या म्हणाल्या. "बिल्डर सगल्या बावी डबर टाकून बुजवत होता. आमचा मालक बोलला, ही येक तरी ऱ्हाऊ दे. मोजनीच्या आदल्या दिवशी दोगांनी फांद्या टाकल्या. मालक गेला, मी कोनाला बोलली नाय. आज मानूस गेला असता माज्यापायी."

"बच गया ना मैं, अम्मा," शेठ म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

मी खिशातून मागणीपत्र काढलं. आता आठवं कलम टाकणं भाग होतं. आमची कमिटी काय म्हणणार हे मला पाठ होतं: बुजवा. मावशी पेनाच्या टोकाकडे बघत होत्या.

"बुजवायला लिवतोस?"

मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "आठ. जागेत जुनी विहीर आहे. तिला कठडा बांधून वर लोखंडी जाळी बसवावी. विहीर बुजवू नये."

"कुटं लिवलंस? दाखव."

त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं चिखलाने भरलेलं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. अक्षरं उडून जातील अशा भीतीने त्यांनी ते दाबून धरलं.

कमिटीत दोन तास भांडलो, पण आठवं कलम राहिलं. मावशी आता नाहीत. कठडा झालेला बघून गेल्या, एवढंच समाधान.

त्या रविवारनंतर त्याच कागदाच्या झेरॉक्स काढून मी तिघांना पाठवल्या होत्या. अंबरनाथच्या कंत्राटदाराचा लगेच फोन आला.

"साहेब, आठव्या कलमावर हा काळा डाग कसला? खोडलंय का काही?"

"खोडलेलं नाही," मी म्हणालो. "सही आहे ती."