सोनेरी कागदामागचं कासव

प्रिय अन्वी आणि ईशान,

तुमचे कासवकाका गेल्या आठवड्यात श्रूजबरी सोडून लेकीकडे क्युपर्टिनोला राहायला गेले आणि जाताना एक रेकॉर्ड माझ्या हाती देऊन गेले. व्हिडिओ कॉलवर ती पाहून ईशानने विचारलं, "आजी, why is there gold paper on it?" उत्तर कॉलमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

जेवायचं आमंत्रण आलं की लोक घाबरून कारणं शोधत, असं अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये एकच मराठी घर होतं, आणि ते त्यांचं. स्वयंपाकात काही खोट नव्हती. पण श्रीखंडानंतर ही रेकॉर्ड लागायची. सत्तरच्या दशकात ओहायोतल्या पाच मुलांनी काढलेली, त्यांची पहिली आणि शेवटची. पुढे त्यांतला एक दातांचा डॉक्टर झाला म्हणे. कव्हरवर मक्याच्या शेतावरून उडणारं हिरवं कासव, त्याच्या पाठीवर ऑर्गन. पहिली बाजू म्हणजे सलग एकच गाणं. मधेच सगळी वाद्यं थांबत. पाहुणे सुटकेचा निःश्वास टाकून चपला शोधू लागले की काका हात वर करत. "बसा! आता कुठे कासव उठतंय!" मग खरोखरच बासरी सुरू व्हायची आणि पाहुणे पुन्हा खाली बसायचे. एका तरुण सॉफ्टवेअरवाल्याने एकदा विचारलं, "काका, यार, skip नाही का करता येत?" त्याला त्या दिवशी दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या.

ते एवढे हळवे का, हे मला तुमच्या आजोबांकडून कळलं. ओहायोला शिकायला आले त्या पहिल्या थंडीत काकांशी कोणी बोलत नसे. कॉलेजच्या कँटीनमध्ये हा बँड वाजवायला आला, तेव्हा ड्रमरने त्यांचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि रेकॉर्डवर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याच नावाने हाकही मारली.

तीन वर्षांपूर्वी ते सहा महिन्यांसाठी पुण्याला निघाले. रेकॉर्डला वहीसारखं खाकी कव्हर घालून माझ्याकडे आले. "वहिनी, तुमच्या घरात काही हरवत नाही." खरंच आहे ते. माझ्याकडे मिठाच्या डब्यावरही चिठ्ठी असते.

ते परत आले तेव्हा रेकॉर्ड नव्हती.

मी बेसमेंट तीनदा उपसलं. काका फक्त म्हणाले, "असू द्या वहिनी. जुनीच होती." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्याकडे श्रीखंडानंतर आता नुसती बडीशेप येई, आणि पाहुणे बिनधास्त जेवायला जात. आता कारणं शोधायची ती मी.

पुढच्या गणपतीत बेसमेंटमधून आदल्या वर्षीचंच मखर काढून मांडलं. समोर उकडीच्या मोदकांचं पातेलं वाफाळत होतं, आरती रंगात आली होती, आणि काकांच्या टाळ्या एकाएकी थांबल्या.

"वहिनी, कासव!"

दोन मुलं घाबरून सोफ्यावर चढली. वाफेने मखराच्या पाठीचा सोनेरी कागद सुटून लोंबत होता, त्यासोबत खाली चिकटलेला खाकी कागदही सुटला होता, आणि गणपतीच्या मुकुटामागून एक हिरवा डोळा आमच्याकडे पाहत होता. चांगला पुठ्ठा मी कधीच टाकत नाही. आदल्या वर्षी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून सगळ्यांत ताठ असा खाकी तुकडा निवडला होता, आणि छान जाड मिळाला म्हणून स्वतःवर खूशही झाले होते!

आरती पूर्ण होईपर्यंत कोणी हललं नाही. मग मी मान खाली घालून म्हटलं, "माझंच चुकलं हो." काका डोळे पुसत हसत होते. "वहिनी, वर्षभर बाप्पाच्या पाठीशी होती. आणखी कुठे नीट राहिली असती?"

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी सगळे आपणहून जमले. गाणं मधे थांबलं, तुमचे आजोबा उठू लागले, आणि मीच त्यांचा सदरा ओढला. "बसा हो! आता कुठे उठतंय ते."

आता काकांच्या घरात दुसरं कुटुंब राहतं. रेकॉर्ड माझ्या कपाटात उभी ठेवली आहे, चिठ्ठी लावून. डिंक मुरलेल्या कोपऱ्यावर सोनेरी कागद आहे, तो काकांनी मला काढू दिला नाही. ड्रमरने लिहिलेलं नाव वाचता येतं. दुसऱ्या बाजूला एक चरा आहे. बाकी सगळं वाजतं.